वसुताईचं कातडं

वसुताई समुद्रात घालायच्या रबरी वेटसूटला कातडं म्हणायची. "कातडं वाळलं का बघ गं." "आज कातडं चढूनच नाही राहिलं." "माझं जुनं कातडं कोपरावर विरलं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही बाई कुठल्या तरी जनावराबद्दल बोलतेय.

वसुधा देवपुजारी. मूळची नागपूरची, सत्तेचाळीस वर्षांची. आयर्लंडमध्ये शॅननच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळायची आणि आमच्या समोरच्या घरात एकटी राहायची. बुटकी, रुंद खांद्यांची. केस स्वयंपाकघरातल्या कात्रीनं स्वतःच कापायची, त्यामुळे ते एका बाजूला नेहमी जास्त आखूड असायचे. लांब केस रबराच्या टोपीत अडकतात आणि टोपी काढताना जीव जातो, हे तिचं कारण. लग्न झालं होतं, मोडलं होतं, त्याबद्दल एवढंच.

मी नवऱ्याच्या नोकरीमागे पुण्याहून आले होते. मला काम नव्हतं. पहिलं वर्षभर मी खिडकीतून पाऊस आणि समोरच्या घरातली ही बाई, एवढंच बघत होते. दर शनिवारी सकाळी ती जुनाट व्हॅनमध्ये एक काळं घमेलं टाकायची, तीन थर्मास ठेवायची आणि निघून जायची.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी तिनं आमची बेल वाजवली.

"तू अनघा ना? पोहता येतं?"

"नाही."

"छान. म्हणजे माझ्या मागे पाण्यात येणार नाहीस. चल, अंगात जाड काहीतरी घाल."

"कुठे?"

"समुद्रावर. मला काठावर एक माणूस लागतो."

मी का गेले ते मला आजही सांगता येत नाही. वर्षभरात मला कुणी 'लागतेस' म्हटलं नव्हतं, हेच कारण असावं.

लाहिंचचा किनारा आमच्यापासून पाऊण-एक तासावर. एनिस गाव ओलांडलं की रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि ओल्या गाई. वाटेत तिनं सांगितलं, की तिची फळी समुद्रापाशी ब्रेंडन नावाच्या माणसाच्या शेडमध्ये असते. सर्फबोर्डला ती फळीच म्हणायची. ब्रेंडननं यंदा बजावलं होतं, की हिवाळ्यात काठावर लक्ष ठेवणारं कुणी असेल तरच फळी मिळेल.

"तो म्हणाला म्हणून तुम्ही ऐकणार?" मी विचारलं.

"त्याचं ऐकावं लागतं मला. आणि तुम्ही-बिम्ही नको."

कातडं चढवायला तिला पंधरा मिनिटं लागायची आणि ते बघायला समुद्रावर फिरायला आलेली म्हातारी माणसंही थांबायची. घमेल्यात उभी राहायची, म्हणजे पायाला वाळू लागत नाही. पावलांवर सुपरमार्केटच्या पिशव्या चढवायची, म्हणजे पाय सरकतो. मग पोटऱ्या, गुडघे, मांड्या. नखं लावायची नाहीत, रबर फाटतं. बोटांच्या पेरांनी चिमटीचिमटीनं वर घ्यायचं. कमरेपाशी गाडी अडायची. तिथे ती उड्या मारायची आणि नागपुरीत शिव्या द्यायची. मग हात, खांदे, आणि पाठीवरच्या झिपेची लांब दोरी एका झटक्यात वर. टोपी. बूट. पहिल्या थर्मासातलं कोमट पाणी गळ्यातून आत. शेवटी हातमोजे, दुसरा दातांनी ओढून. एवढी अंगमेहनत करून झाली की फळी काखेत मारून ती नऊ-दहा अंशांच्या पाण्यात चालत जायची, जणू कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला निघालीय.

मला लाटांमधलं काही कळत नव्हतं. करड्या पाण्यात एक काळा ठिपका दिसायचा. तो बराच वेळ नुसता तरंगायचा, मग अचानक उभा राहायचा, चार-पाच क्षण सरकत यायचा आणि फेसात पडायचा. तासाभरात असं सहा-सात वेळा. बस्स.

"एवढ्यासाठी?" पहिल्या दिवशी मी विचारलंच.

ती नुकतीच पाण्याबाहेर आली होती. ओठ निळे, जबडा कडक, बोटं लाकडासारखी. दोरी तिनं खाली ओढली, पण पुढे काही जमेना. मी तिची बाही मनगटाशी धरून सगळ्या ताकदीनं खेचली. बाही सुटली नाही. वसुताई माझ्या अंगावर आली आणि आम्ही दोघी घमेल्यासकट वाळूत.

"खेचू नको बे," ती कडकडत म्हणाली, "सोल! केळं सोलतात तसं. आतली बाजू बाहेर."

मग मी सोलायला शिकले. खांद्यावरून उलटं करायचं, कोपराशी थांबायचं, मनगटावर अंगठा आत घालून हवा घ्यायची, की बाही सुटते. आतून तिचं अंग लालभडक निघायचं, वाफाळलेलं, मानेला आणि मनगटांना रबराचे वळ. टॉवेलच्या झग्यात गुंडाळून ती व्हॅनच्या पायरीवर बसायची आणि दुसरा थर्मास उघडायची. त्यात तर्री असायची. नागपुरात पोह्यांवर घालतात ती लाल, जहाल तर्री. ही ती कपात ओतून चहासारखी प्यायची. सगळ्या पार्किंगमध्ये गरम मसाल्याचा वास सुटायचा. ब्रेंडननं एकदा घोट घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि 'ग्रँड, ग्रँड' म्हणत शेडमागे गेला. तिसरा थर्मास माझ्या चहाचा.

असे दोन हिवाळे गेले. त्या काळात मी गाडी चालवायला शिकले, एका बेकरीत काम धरलं. ते सगळं वसुताईनं करवून घेतलं, पण मला स्वतःबद्दल लिहायचं नाहीये.

ती का जाते हे तिनं कधी सांगितलं नाही. लिमरिकला संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, तिथे ती ओल्या केसांनी आणि मानेवरचा वळ घेऊन आली. कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, घरी कुणी वाट बघणारं नाही ना, म्हणून ही खुळं सुचतात. हळू म्हणजे ऐकू जाईल इतकंच हळू. वसुताईनं तिळगूळ तोंडात टाकला आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. पाणी विचारत नाही ना, कुणाची कोण म्हणून." पुन्हा ती कुठल्या हळदीकुंकवाला गेली नाही.

मला खरं सांगितलं ते ब्रेंडननं. वसुताई पाण्यात होती, मी त्याच्या शेडच्या दारात उभी होते. फळी घासता घासता, वर न बघता तो बोलत होता. साथीच्या वर्षी, जानेवारीत, सगळं बंद असताना तो शेडचं छप्पर ठोकायला आला होता. एक बाई कोटाबुटासकट समुद्रात चालत जाताना त्याला दिसली. त्यानं हाक मारली, ती थांबली नाही. तो धावत गेला आणि छातीइतक्या पाण्यातून तिला ओढून काढलं. तिच्या हातात फोन होता. आदल्या दिवशी तिच्या वडिलांचे अंत्यसंस्कार तिनं त्या फोनवर बघितले होते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. शेडमध्ये बसवलं, चहा दिला. म्हटलं, पुढच्या वेळी जायचंच असेल तर सूट घालून जा. आणि एक जुना सूट दिला." फळी उलटी करत तो म्हणाला, "दुसरं काय म्हणायचं ते सुचलं नाही मला. पुढच्या शनिवारी ती सूट घालून आली."

मी हे वसुताईजवळ कधी काढलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी झिपेची दोरी तिच्या हातातून निसटली. तिनं पुन्हा धरली, पुन्हा निसटली. "थंडी," ती म्हणाली. "लाव गं तूच." मी लावली. पुढच्या शनिवारी हातमोजा चढेना. उजवा अंगठा वळतच नव्हता. पाण्यात ती फळीवर उभी राहायला गेली की एका बाजूला कलंडायची. त्या दिवशी बारा वेळा पडली, मी मोजलं. बाहेर येऊन हसत म्हणाली, "म्हातारी झाले बे मी." तर्रीचा कप तिनं दोन्ही हातांत धरला होता, तरी सांडला.

डॉक्टर, मग मोठे डॉक्टर, मग लिमरिक, मग डब्लिन. तपासण्यांच्या तारखांची वाट बघण्यात महिने गेले. डब्लिनला मी बरोबर होते. आत ती एकटी गेली. बाहेर आली तेव्हा तिनं कोट घातला, म्हणजे मी घातला, आणि म्हणाली, "मोटर न्यूरॉन. नसा मरत जातात म्हणे. हात, पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. हे तो असं सांगत होता, जणू खूशखबर आहे."

नागपूरला आई होती, ऐंशीच्या पुढची. तिच्याशी व्हिडिओवर बोलताना वसुताई हात टेबलाखाली ठेवायची.

समुद्र तिनं सोडला नाही. आता कातडं मीच चढवायचे. उभ्यानं तोल जायला लागला तशी व्हॅनच्या मागच्या भागात बसवून चढवायचे. फळीवर उभं राहणं संपलं होतं. ती पोटावर झोपून लाटेबरोबर काठाला येऊन लागायची, मग गुडघ्यांवर यायची, मग मी जायचे. बुटांसकट पाण्यात जायचे, पोहता न येणारी मी.

मार्चमधला एक दिवस. वारा इतका होता की व्हॅनचं दार धरून ठेवावं लागत होतं. तिचे खांदे आता वर उचलले जात नव्हते आणि हात मागे नेता येत नव्हते. मी सोलायला लागले, तर कातडं दंडापाशी अडकलं. वीस मिनिटं झाली. ती थरथरत होती. पुढे थरथरणंही कमी झालं, ते मला जास्त भयंकर वाटलं. तिचे हात ताणायची मला भीती वाटत होती, निखळले तर. मी रडायला लागले.

"काहून रडून राहिली?" ती म्हणाली. शब्द जड येत होते. "कापून टाक."

"काय?"

"कापून टाक म्हणते. कात्री आहे ना फर्स्ट एडच्या डब्यात."

मी गळ्यापासून कापत गेले. पाच मिलिमीटरचं रबर, लहानशी कात्री. करकर आवाज येत होता. ती मान वर करून बसली होती. खांदा मोकळा झाला, मग दंड, मग दुसरी बाजू. ब्रेंडन हीटर घेऊन धावत आला आणि आम्हाला बघून दारातच थांबला. वसुताईनं त्या काळ्या चिंध्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "चला. संपलं."

त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. आवाज न करता, वाहत्या नाकानं. नाक पुसायला हात वर जात नव्हता. मी पुसलं.

त्यानंतर सगळं ठरल्यासारखं होत गेलं. काठी, वॉकर, खुर्ची. स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेसच म्हणतात, तिच्या मसाल्याच्या बाटल्या तशाच राहिल्या, कारण ठसका लागला तर जीव जाईल असं नर्सनं सांगितलं होतं. दिवसातून दोनदा काळजी घ्यायला एक बाई यायची, मरीना नावाची, चांगली होती. संध्याकाळी मी जायचे. वसुताई जिभेवर जोर देऊन बोलायची आणि मला समजायचं. बाकीच्यांना समजत नव्हतं, म्हणून मला उगाच बरं वाटायचं.

पुढच्या फेब्रुवारीत तिच्याकडे एक मोठं खोकं आलं. नवीन कातडं, दोन मापं मोठं. "मंगळवारी सुट्टी घे," ती म्हणाली. "मला एकदा पाण्यात जायचंय."

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मी व्हॅन काढली. ती वाटेत बाहेर बघत होती. एनिसनंतर म्हणाली, "गाई तशाच."

मंगळवार होता. ब्रेंडनची शेड बंद, पार्किंगमध्ये चिटपाखरू नाही. भरती ओसरत होती. मी तिला व्हॅनमध्ये आडवं करून पिशव्या लावल्या, पोटऱ्या, गुडघे, मांड्या. अर्धा तास लागला. कमरेपर्यंत आणलं आणि टॉवेलचा झगा शोधायला मागे वळले. झगा नव्हता. घमेलं नव्हतं. पाण्याचा थर्मास नव्हता.

"वसुताई, टॉवेल कुठाय?"

"राहिला असेल."

माझी वसुताई टॉवेल विसरत नव्हती. घर विसरली असती.

"मला खुर्चीवरून पाण्यापर्यंत ने," ती सावकाश, एकेक शब्द सोडवत म्हणाली. "कंबरभर पाण्यात सोड. मग तू गाडीत येऊन बस. हीटर लाव."

"आणि मग?"

"मग काही नाही."

मी तिच्या पायाशी बसले. काचेवर मीठ वाळलं होतं.

"मी नाही करणार," मी म्हणाले.

"अनघा. मी तुला कधी काही मागितलं?"

"मी नाही करणार, वसुताई."

"ब्रेंडननं सांगितलं तुला."

"हो."

तिनं डोळे मिटले. "तेव्हा मी मरायला नव्हते गेले. घरात कान फुटायची वेळ आली होती. फोनमधलं रडणं थांबतच नव्हतं. पाण्यात शिरले आणि शांत झालं." श्वास घ्यायला ती थांबली. "आजही तेवढंच आहे, असं समज."

"कसं समजू?"

कदाचित खरंच तेवढंच होतं. कदाचित तिला पाच मिनिटं तरंगायचं होतं आणि मी धरून उभी राहिले असते तर ती हसली असती. मी म्हणालेही, "मी बरोबर येते, मी धरते तुला." ती म्हणाली, "धरायला नको." मग मी मांड्या, गुडघे, पोटऱ्या, सगळं परत सोललं. अंग तिनं पूर्ण सैल सोडलं होतं. दोन मापं मोठं होतं, सहज निघालं.

त्या दिवसापासून ती माझ्याशी नम्रपणे वागायला लागली. तिनं भांडण केलं असतं, शिवी दिली असती, तर मी ते झेललं असतं. ती "थँक यू, अनघा" म्हणायची. पाणी हवं असलं तर मरीनाच्या वेळेपर्यंत थांबायची. मला 'बे' म्हणणं तिनं सोडलं. जूनपर्यंत तर बोलणंच गेलं. पोटात नळी बसली. मग एक इंग्रजी अक्षरांचा तक्ता आला. आपण बोट फिरवायचं आणि हवं ते अक्षर आलं की ती डोळे मिटणार. एका संध्याकाळी मी तक्ता समोर धरला आणि विचारलं, "वसुताई, माझ्यावर राग आहे का गं?"

मग मी बोट फिरवलं. डब्ल्यू. आय. एन. डी. ओ. डब्ल्यू.

मी उठून खिडकी लावली.

मी तिला वाचवलं असं मला कुणी म्हणालं, की मला गप्प बसावं लागतं. त्या मंगळवारनंतरचे महिने मी रोज बघितले आहेत. रात्रंदिवस तोंडावर बांधलेलं श्वासाचं यंत्र, लाळ ओढणारी नळी, पाठीवरचे फोड, आणि त्या सगळ्याच्या वर ते दोन डोळे, पूर्ण जागे. ते महिने तिला मी दिले. दुसरं काही करायला हवं होतं असंही मला म्हणता येत नाही. आज पुन्हा तसाच मंगळवार आला तर मी काय करेन, हेही मला माहीत नाही.

ऑक्टोबरात तिचा धाकटा भाऊ शिरीष नागपूरहून तिला न्यायला आला. प्रवास करायचा तर आत्ताच, नंतर जमणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आईला अखेर सगळं सांगितलं गेलं होतं. मी व्हॅन चालवत त्यांना डब्लिनच्या विमानतळावर सोडलं. निरोप घेताना मी वाकून, यंत्राच्या पट्टीशेजारी, तिच्या गालाला गाल लावला. तो गार होता. शिरीष मला "तुमचे फार उपकार आहेत" म्हणाला आणि मी मान खाली घातली.

विमानतळाचा मदतनीस यायला उशीर होता, शिरीष थांबायला तयार नव्हता, म्हणून तो खुर्ची ढकलत सरळ सिक्युरिटीच्या रांगेत शिरला. पट्ट्या लावून केलेली ती वळणावळणाची रांग, एकदा जायचं, एकदा परत यायचं. मी पट्टीच्या अलीकडे उभी राहिले. तिला मान वळवता येत नव्हती, पण प्रत्येक वळणाला खुर्ची फिरत होती आणि तिचा चेहरा माझ्याकडे होत होता.

पहिल्या वळणाला तिनं माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला.

दुसऱ्या वळणालाही बघितलं, थोडं जास्त वेळ. मी काहीतरी बोलले, एवढ्या लांब तिला ऐकू गेलं नसणार.

तिसऱ्या वळणाला खुर्ची फिरली तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. तिला झोप लागली होती की तिनं ते मुद्दाम मिटले होते, हे मला कळलं नाही. शिरीषनं खुर्ची पुढे घेतली आणि त्याच्या पाठीआड ती दिसेनाशी झाली.